पगार कंपनीचा, राखण आपल्या माहितीची: डेटा संरक्षण अधिकारी स्वतंत्र राहणार का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम यायला आणखी दोन वर्षं लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते अधिसूचित झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे आपली माहिती बाळगणाऱ्या कंपन्यांवर यातली बहुतेक बंधनं मे २०२७ पासून लागू होतील. चर्चा झाली ती मुख्यतः दंडाच्या आकड्यांची. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, हा आकडा बहुतेकांनी ऐकला असेल. पण याच कायद्यात एक पद आहे, त्याकडे लक्ष कमी गेलं. ते पद म्हणजे डेटा संरक्षण अधिकारी, थोडक्यात डीपीओ.

हा अधिकारी कंपनीच्या आत बसणार आणि पगारही कंपनीचाच घेणार. आपल्या माहितीबद्दल तक्रार असेल तर कंपनीत जायचं तेही त्याच्याकडेच. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. मग मालकाला ‘हे करू नका, हे बेकायदा आहे’ असं सांगायची मुभा या माणसाला असेल का? आणि सांगितल्यावर त्याची नोकरी टिकेल का? आमचं म्हणणं असं की आपल्या कायद्यानं या पदावर जबाबदारी टाकली, पण त्या पदावरच्या माणसाला संरक्षण दिलं नाही. ही उणीव वेळेत भरली नाही, तर हे पद नुसती दारावरची पाटी होऊन बसेल.

हा विषय आपल्या घराचा का?

एका साध्या घरातून किती माहिती बाहेर जाते ते मोजून पाहा. मुलीच्या क्लासचं ॲप, अम्मीच्या शुगरचा रिपोर्ट, दुकानासाठी केलेला कर्जाचा अर्ज, रिश्त्यासाठी टाकलेला फोटो आणि बायोडाटा, उमराहच्या बुकिंगसाठी पाठवलेला पासपोर्ट. आपल्याकडे तर नावावरूनच धर्म कळतो. पत्त्यावरून मोहल्ला कळतो. फोनचं लोकेशन चालू असेल तर जुम्याच्या दिवशी आपण कोणत्या मशिदीत होतो हेही कळतं.

हे उगाच घाबरवणं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’ या वृत्तसंकेतस्थळानं एक बातमी दिली. नमाजाच्या वेळा आणि किबला दाखवणारं ‘मुस्लिम प्रो’ हे जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेलं ॲप. त्यातून वापरकर्त्यांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या डेटा विकणाऱ्या कंपनीकडे जात होतं आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदार होते. आपण लष्कराला माहिती विकली, हा आरोप मुस्लिम प्रोनं नाकारला. पण एक्स-मोडशी असलेले संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एक्स-मोड आणि तिच्या पुढच्या अवतारातल्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांचं लोकेशन विकायला मनाई केली.

ते ॲप सिंगापूरच्या कंपनीचं. सिंगापूरच्या कायद्यात प्रत्येक संस्थेनं माहिती संरक्षणासाठी किमान एक जबाबदार व्यक्ती नेमणं बंधनकारक आहे. तरीही जगाला ही गोष्ट कळली ती पत्रकारांकडून. पद कागदावर असणं आणि त्या पदावरच्या माणसाचं ऐकलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपला कायदा काय म्हणतो?

माहिती बाळगणाऱ्या संस्थेला आपल्या कायद्यानं ‘डेटा फिड्युशरी’ म्हटलं आहे. फिड्युशरी म्हणजे विश्वस्त, आपल्या भाषेत अमानतदार. म्हणजे माहिती आपली, कंपनीकडे ती अमानत म्हणून ठेवलेली. हा विचार चांगला आहे.

यातल्या मोठ्या आणि जोखमीच्या संस्थांना ‘सिग्निफिकंट’, म्हणजे विशेष महत्त्वाच्या, असा दर्जा द्यायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. माहिती किती आहे, किती संवेदनशील आहे, लोकांच्या हक्कांना, निवडणूक प्रक्रियेला आणि देशाच्या सुरक्षेला तिच्यामुळे किती धोका आहे, हे पाहून ते ठरणार. डीपीओ नेमण्याची सक्ती फक्त अशाच संस्थांवर आहे. इतरांनी प्रश्नांना उत्तर देऊ शकेल अशा एका व्यक्तीचा संपर्क जाहीर केला की पुरे.

डीपीओबद्दल कलम १० मध्ये चार गोष्टी आहेत. तो कायद्यासमोर कंपनीचं प्रतिनिधित्व करेल. तो भारतात राहणारा असेल. तो संचालक मंडळाला जबाबदार असेल. आणि तक्रार निवारणासाठी तोच संपर्काचा माणूस असेल. बस्स, एवढंच.

त्याच कलमात आणखी एक पद आहे: डेटा ऑडिटर. त्याच्या नावाआधी कायद्यानं ‘स्वतंत्र’ हा शब्द घातला आहे. डीपीओच्या नावाआधी तो नाही. ऑडिटर वर्षातून एकदा येणार, तपासणी करून जाणार, आणि त्याची महत्त्वाची निरीक्षणं सरकारी डेटा संरक्षण मंडळापर्यंत पोचणार. डीपीओ मात्र रोज आत बसलेला. चूक घडताना पाहणारा तोच, पण ती मंडळाला थेट कळवायची वाट त्याच्यासाठी कायद्यानं आखलेली नाही. त्याला कामावरून काढता येणार नाही, असंही कुठे लिहिलेलं नाही. त्यानं कंपनीत दुसरं कोणतं पद सांभाळू नये, असंही नाही.

त्याच्या दोन भूमिकाही एकमेकींशी भांडतात. एकीकडे तो कंपनीचा प्रतिनिधी, दुसरीकडे तक्रारदाराचा संपर्क. एकाच माणसानं एका बाजूचा वकील व्हायचं आणि दुसऱ्या बाजूचा अर्जही स्वीकारायचा, असा हा प्रकार आहे.

ऑफिसात प्रत्यक्षात काय घडतं?

समजा, कर्ज देणारं एक मोठं ॲप आहे. मार्केटिंग विभागाला वाटतं की ग्राहकाच्या फोनमधली सगळी नावं-नंबर घ्यावेत, म्हणजे वसुली सोपी होईल. डीपीओ म्हणतो, कर्ज द्यायला याची गरज नाही, हे घेऊ नका. पुढे काय होईल?

तो संचालक मंडळाला जबाबदार आहे, हे खरं. पण मंडळाची बैठक रोज होत नाही. बैठकीत कोणता विषय घ्यायचा हे बहुतेक वेळा व्यवस्थापनच ठरवतं. मधल्या काळात त्याचं वार्षिक अप्रेझल कोण लिहितो? रजा कोण मंजूर करतो? हाताखाली दोन माणसं द्यायची की एकही नाही, हे कोण ठरवतो? या तिन्हींचं उत्तर ‘व्यवस्थापकीय संचालक’ असेल, तर संचालक मंडळ हे नुसतं कागदावरचं नातं राहतं.

कुणी त्याला उघडपणे धमकावणार नाही. त्याला बैठकीचं आमंत्रण येणार नाही, एवढंच. नवं ॲप बाजारात आणायच्या आदल्या दिवशी फाइल त्याच्याकडे येईल आणि सांगितलं जाईल, ‘फक्त सही हवी.’ दोनदा अडवलं की तिसऱ्यांदा विभागाची पुनर्रचना होईल आणि त्याचं पदच नव्या रचनेत बसणार नाही. नोकरी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक प्रकार म्हणजे दोन टोप्या एकाच डोक्यावर. आयटी विभागाचा प्रमुखच डीपीओ. माहिती कशी गोळा करायची हे सकाळी त्यानंच ठरवायचं, आणि ते बरोबर आहे का हे दुपारी त्यानंच तपासायचं. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत आम्हा शिक्षकांना आपल्याच शाळेतल्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला देत नाहीत. आम्ही बेइमान आहोत म्हणून नव्हे. निकालावर सगळ्यांचा भरवसा राहावा म्हणून. मुतवल्लीनंच हिशेब लिहायचा आणि मुतवल्लीनंच तो तपासायचा, हे कोणत्या जमातीला चालेल?

आपल्यासाठी पहिला दरवाजा हाच

कायद्याप्रमाणे तक्रार घेऊन थेट डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारणाची पायरी पुरी करावी लागते. त्यासाठी नियमांनी कंपनीला ९० दिवसांपर्यंतची मुदत दिली आहे. म्हणजे मोठ्या कंपनीविरुद्धची तक्रार पहिले तीन महिने याच अधिकाऱ्याच्या आसपास असणार. तो दबलेला असेल तर तीन महिने गोलगोल उत्तरं मिळणार.

दुसरी बाब आणखी गंभीर आहे. दंड २५० कोटींचा झाला तरी तो पैसा भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्या घराला या कायद्यात नुकसानभरपाई नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं जुनं कलम ४३अ या नव्या कायद्यानं वगळायचं ठरवलं आहे. मुलीचा फोटो एकदा बाहेर गेला की दंडानं तो परत येत नाही. म्हणून नुकसान होण्याआधी आतूनच ‘थांबा’ म्हणणारा माणूस आपल्यासाठी जास्त मोलाचा आहे.

युरोपच्या कायद्यात धर्म, आरोग्य अशा माहितीला वेगळी, जास्त संरक्षणाची श्रेणी आहे. आपल्या कायद्यात अशी वेगळी श्रेणी नाही. त्यामुळे कोणती माहिती नाजूक आहे याचं भान ठेवण्याची जबाबदारी पुन्हा आतल्या माणसावरच येते.

युरोपनं हा प्रश्न कसा सोडवला?

कंपनीतला असा अधिकारी ही कल्पना जर्मनीत जुनी आहे. तिथल्या १९७७ च्या संघीय डेटा संरक्षण कायद्यातच ती होती. पुढे मे २०१८ पासून संपूर्ण युरोपीय संघात जीडीपीआर लागू झाला. पुण्यात हिंजवडीला युरोपीय ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव चांगलं परिचयाचं आहे. त्याचं कलम ३८ डीपीओच्या स्वातंत्र्याबद्दल आहे. त्याच्या कामाबाबत त्याला कुणी आदेश द्यायचे नाहीत. काम केलं म्हणून त्याला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही. तो थेट सर्वोच्च व्यवस्थापनाला अहवाल देईल. त्याला लागणारी साधनं कंपनीनं द्यायची. आणि हितसंबंध आड येतील असं दुसरं काम त्याला द्यायचं नाही.

हे नुसतं लिहून ठेवलेलं नाही. एप्रिल २०२० मध्ये बेल्जियमच्या देखरेख संस्थेनं प्रॉक्सिमस या दूरसंचार कंपनीला ५० हजार युरो दंड केला. कारण काय, तर अनुपालन, जोखीम व्यवस्थापन आणि अंतर्गत तपासणी या विभागांचा प्रमुखच डीपीओ होता. स्वतःच्याच विभागांवर तो स्वतंत्रपणे नजर कशी ठेवणार, हा साधा मुद्दा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या संस्थेनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका समूहाच्या कंपनीला ५ लाख २५ हजार युरो दंड केल्याचं जाहीर केलं. तिथला डीपीओ ज्या दोन सेवा कंपन्यांवर लक्ष ठेवत होता, त्यांचाच तो व्यवस्थापकीय संचालक होता. आधी ताकीद देऊनही कंपनी सुधारली नव्हती.

जर्मनीनं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. ज्या कंपन्यांना डीपीओ नेमणं सक्तीचं आहे, तिथे गंभीर कारणाशिवाय त्याला नोकरीवरून काढता येत नाही. एका कंपनीनं पुनर्रचनेचं कारण देऊन आपल्या डीपीओला काढलं, तेव्हा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. जून २०२२ मध्ये न्यायालयानं म्हटलं की असं जास्तीचं संरक्षण देश देऊ शकतो. मात्र पात्रता नसलेल्या किंवा काम नीट न करणाऱ्या अधिकाऱ्यालाही काढता येऊ नये, इतकं ते टोकाचं नसावं. फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या निकालात कसोटी स्पष्ट झाली: माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारं दुसरं काम त्या व्यक्तीकडे असेल, तर तिथे हितसंबंधांचा संघर्ष आहे.

तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. युरोपातल्या २५ देखरेख संस्थांनी २०२३ मध्ये मिळून पाहणी केली. जानेवारी २०२४ च्या अहवालात जुनीच दुखणी निघाली. कुठे साधनं अपुरी, कुठे एकाच माणसावर अनेक कामं, कुठे वरिष्ठांपर्यंत पोचच नाही. फरक एवढाच की तिथे बोट दाखवायला कायद्यातलं कलम हाताशी आहे. आपल्याकडे ते नाही.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. त्या म्हणतात, काढताच येणार नाही असा अधिकारी बसवला तर तो प्रत्येक कामात अडथळा आणेल, आणि एवढ्या मोठ्या दंडाच्या भीतीनं आम्ही स्वतःच काळजी घेऊ. पहिल्या मुद्द्याचं उत्तर वरच्या निकालातच आहे. संरक्षण कामाला द्यायचं, आळसाला किंवा नाकर्तेपणाला नाही. आणि जीडीपीआरमध्येही डीपीओ सल्ला देतो, निर्णय व्यवस्थापनच घेतं. तो गाडी चालवत नाही. पुढे खड्डा आहे एवढं सांगतो.

दुसरा मुद्दा दंडाच्या धाकाचा. धाक तेव्हाच, जेव्हा चूक पकडली जाईल. पकडणार ते डेटा संरक्षण मंडळ, आणि त्याचे अध्यक्ष व सदस्य केंद्र सरकार नेमणार. मुदत दोन वर्षांची, फेरनेमणुकीची सोय. सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकारही सरकारकडेच आहे. बाहेरची देखरेख अशी असेल, तर आतली देखरेख जास्त भक्कम हवी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं आहे. तो हक्क कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाही.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. बाजारातली मापं आणि व्यवहार तपासणाऱ्या मुहतसिबाची नेमणूक हुकूमत करायची, व्यापारी नव्हे. अल-मावर्दी यांच्या अकराव्या शतकातल्या ‘अल-अहकाम अस-सुलतानिया’ या ग्रंथात हिसबावर स्वतंत्र प्रकरण आहे. हजरत उमर (रजि.) यांनी मदीनेच्या बाजारावर देखरेखीचं काम शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडे सोपवल्याची रिवायत आहे. तपासणाऱ्याची भाकरी ज्याला तपासायचं त्याच्या हातात असू नये, ही समज जुनी आहे.

आता काय व्हायला हवं?

कायदा बदलायला वेळ लागतो. पण कलम १० मध्येच विशेष महत्त्वाच्या संस्थांसाठी ‘इतर उपाय’ नियमांनी ठरवण्याची तरतूद आहे. सरकारनं ठरवलं तर मे २०२७ च्या आधीही हे करता येईल. आमच्या मते चार गोष्टी नियमांत हव्यात. डीपीओला त्याच्या कामामुळे काढता किंवा बदलता येणार नाही. माहितीच्या वापराचा निर्णय घेणारं दुसरं पद त्याच्याकडे नसेल. त्याचा सल्ला डावलला तर कारण संचालक मंडळाच्या इतिवृत्तात लिहिलं जाईल. आणि त्याच्यासाठी माणसं आणि निधी वेगळा ठेवला जाईल.

घरातल्या माणसांनी काय करावं? ॲप घेताना तक्रारीसाठी कुणाचं नाव आणि संपर्क दिला आहे ते पाहावं. हक्क लागू झाल्यावर ईमेल करून विचारावं: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कुणाकुणाला दिली? हे विचारण्याचा हक्क कायद्यात आहे. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा, गरज संपलेली माहिती पुसायला लावण्याचाही आहे. तोंडी बोलण्यावर थांबू नये. तारीख लिहून ठेवावी, ९० दिवस मोजावेत, मग मंडळाकडे जावं. तक्रार मात्र खरी हवी. खोट्या किंवा खोडसाळ तक्रारीला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

ज्यांची मुलं वकिली, बीकॉम किंवा आयटी करत आहेत, त्यांनी या क्षेत्राकडे जरूर पाहावं. या कामाला कायदा आणि तंत्रज्ञान दोन्ही समजणारी, आणि ‘नाही’ म्हणायचं धाडस असलेली माणसं लागणार आहेत.

शेवटी आपल्याच संस्थांबद्दल. अंजुमनच्या शाळा, समाजाचे दवाखाने, पतसंस्था, निकाहसाठी स्थळं सुचवणारे मंच, जकात वाटणाऱ्या कमिट्या यांच्याकडेही लोकांची नाजूक माहिती असते. मदत घेणाऱ्या बेवा बाईचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना तिला कुणी विचारतं का? या संस्थांवर डीपीओची सक्ती बहुधा येणार नाही. तरीही प्रत्येक संस्थेनं एक माणूस नेमावा, जो अध्यक्ष नसेल, सेक्रेटरी नसेल, आणि ज्याच्या ‘हे पाठवू नका’ या शब्दाला कमिटीच्या ठरावानं वजन दिलेलं असेल. याला अधिसूचनेची गरज नाही. पुढच्या बैठकीत हा विषय ठेवला तरी सुरुवात होईल. कंपन्यांकडून अमानतदारी मागताना आपल्या घरातली अमानत आपण कशी सांभाळतो, हेही लोक पाहणारच.